अरुंद तोंडाचा दगडी घडा आतून पोखरला कसा?

नाईलवेडा:
कैरोच्या तहरीर चौकातल्या म्युझियममध्ये डायोराइट या कठीण दगडाचा एक छोटा घडा बघितला, पहिल्या राजवंशांच्या काळातला, पोट चांगलं गोल आणि तोंड इतकं बारीक की माझी दोन बोटंसुद्धा जेमतेम जातील. लोखंड नव्हतं ना तेव्हा? मग आतला दगड काढला कसा? यूट्यूबवर सगळे परग्रहवासीच सांगतात, मला खरं उत्तर हवंय.

जुनी_टाकी:
कैरोजवळच्या सक्कारा या जुन्या दफनभूमीतल्या थडग्यांच्या भिंतींवर कारागीर हे काम करताना चक्क कोरलेत. लाकडी दांडा, वर दगडांची वजनं बांधलेली, दोन्ही हातांनी फिरवायचा. आधी तांब्याच्या नळीने मधोमध भोक पाडायचं, आत जो गाभा उभा राहतो तो तोडून काढायचा. मग पोट रुंद करायला मधे कंबर असलेला लांबट दगड उभा आत सोडायचा, आत गेला की आडवा करायचा, दांड्याच्या दुबेळक्यात त्याची कंबर अडकते आणि तो आतल्या भिंती घासत फिरतो. हे हत्यार इजिप्तच्या चित्रलिपीत कारागिरीचं चिन्ह आहे, एवढा मान होता त्या कामाला!

नाईलवेडा:
पण तांबं तर मऊ, दगडावर तेच झिजणार ना?

जुनी_टाकी:
झिजतंच, पण कापायचं काम तांबं करतच नाही, वाळू करते. वाळूत क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, नळी नुसती ती वाळू दाबून फिरवते. प्राचीन इजिप्तच्या हत्यारांवर प्रयोग करणारे डेनिस स्टॉक्स यांनी अशीच हत्यारं बनवून ग्रॅनाइटला भोकं पाडून दाखवलीत. फुटक्या भांड्यांच्या आत बघ, गोल गोल आडवे ओरखडे दिसतात.

मृण्मयी_क:
आणि हे एखाददुसऱ्या भांड्याचं नाही हं. सक्कारालाच जोसरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या बोगद्यांत सुमारे ४०,००० दगडी भांडी निघाली, इ.स.पू. २६५० च्या आसपासचा हा राजा, पण बऱ्याच भांड्यांवर त्याच्या आधीच्या राजांची नावं कोरलेली. कितीतरी फुटून चुरा झाली होती. मला तर परग्रहवासी म्हटलं की वाईट वाटतं, दिवसच्या दिवस दांडा फिरवणाऱ्या त्या माणसांचं श्रेय कुणा तिसऱ्यालाच जातं.

नाईलवेडा:
कंबरेचा दगड आत नेऊन आडवा करायचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. काढलेल्या फोटोत तोंडातून आत जरा दिसतंय, झूम करून ओरखडे शोधतो आणि इथे टाकतो.