एक्स्टेन्शन सारखं क्रॅश होतंय, लॅपटॉप पार झोपला

चहाबाज: मंडळी, पीडीएफ जोडायचं एक फुकटचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) क्रोममध्ये टाकलं तेव्हापासून दर दहा मिनिटांनी क्रॅश झाल्याचा फुगा येतो, पंखा घोंघावतो आणि ४ जीबी रॅमचा बिचारा लॅपटॉप माउससुद्धा हलवू देत नाही. फॉरमॅट मारू का?

खटपट्या: अहो थांबा, फॉरमॅट कशाला! क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, मेमरीच्या कॉलमवर क्लिक केलं की कोण किती खातंय ते कळतं.

रिकामटेकडा: इन्कॉग्निटोतही (क्रोमच्या खासगी विंडोत) बघा, परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शनं बंदच असतात. तिथे नीट पळालं तर चोर तोच.

चहाबाज: सापडला! एकटाच ९०० एमबी गिळून बसला होता, काढला. आता पीडीएफ कशात जोडू तेवढं सांगा 😅