स्विच असताना कोलिजन होतं तरी कुठे?

नवशिका: डिप्लोमा सेकंड इयरला आहे. सरांनी शिकवलं की इथरनेटवर, म्हणजे केबलने जोडलेल्या पीसींच्या नेटवर्कवर, दोघांनी एकदम डेटा पाठवला तर कोलिजन म्हणजे टक्कर होते, मग दोघं थांबून परत पाठवतात. पण आमच्या लॅबमधे प्रत्येक पीसीची केबल वेगळी स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जोडणाऱ्या डब्याला, जाते, मग टक्कर होणार कुठे? आणि हे 'इथर' काय आहे?

केबलकाका: अरे तेव्हा केबल एकच असायची, सगळ्यांना मिळून. १९७३ मधे झेरॉक्सच्या पालो अल्टोच्या लॅबमधे बॉब मेटकाफने ही कल्पना मेमोत मांडली, मग डेव्हिड बॉग्जबरोबर प्रत्यक्ष बांधली, स्पीड २.९४ एमबीपीएस. आधी हवाईत अलोहानेट होतं, तिथे बेटांवरची टर्मिनल्स एकाच रेडिओ चॅनेलवर पाठवायची, मेटकाफने तेच केबलवर आणलं आणि वर शिस्त लावली, की आधी ऐक, लाइन मोकळी असेल तरच बोल, बोलतानाही ऐकत रहा. टक्कर झाली की दोघांनी किती थांबायचं ते रँडम, नाहीतर दारात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं होईल. पूर्वी मानायचे की प्रकाश ईथर नावाच्या सगळीकडे भरलेल्या पदार्थातून जातो, नाव त्यावरून.

पॅचकॉर्ड: काकांना अनुमोदन. आमच्या ऑफिसात पातळ कोअॅक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल, होती, प्रत्येक पीसीमागे टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारं टोपण. एकदा टेबल हलवताना कुणीतरी शेवटचा टर्मिनेटर काढून ड्रॉवरमधे टाकला आणि अख्खी रांग बंद, कारण सिग्नल उघड्या टोकावरून उलटा येतो आणि बाकीच्यांचं बोलणं बिघडवतो. अर्धा दिवस शोधत होतो!

नवशिका: बापरे! मग स्विचने नेमकं काय बदललं?

केबलकाका: मधे हब आले, तेही स्विचसारखे केबल जोडणारे डबेच, पण हब एका पोर्टवर आलेलं सगळ्यांना ओरडून सांगतो, म्हणजे कोअॅक्सच डब्यात भरली समज. स्विच मॅक अॅड्रेस, म्हणजे प्रत्येक पीसीच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, बघून ज्याचा डेटा त्याच्याच पोर्टला देतो, आणि फुल डुप्लेक्समधे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं, म्हणून टक्करच नाही.

नवशिका: लॅबच्या कपाटात एक जुना हब आहे, त्यावर 'कोल' (म्हणजे कोलिजन) लिहिलेला छोटा दिवा आहे!

केबलकाका: सोडू नकोस तो! सरांना विचारून दोन पीसी लाव, दोन्हीकडून एकदम मोठ्या फाइल कॉपी कर आणि दिव्याकडे बघ.