लांबी बाइटमध्ये की अक्षरांत, आधी ते ठरवा

वर विचारलंय की पायथॉनच्या सी एक्स्टेंशनमध्ये (पायथॉनला जोडलेला सी भाषेतला कोड) मराठी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, घेतली की शेवटचं अक्षर का तुटतं, तर माझ्या मते गडबड एन्कोडिंगची नाहीये, लांबी मोजण्याची आहे. 'नमस्ते' घ्या. पायथॉनमध्ये लेन (लांबी सांगणारं फंक्शन) ६ येतं, कारण न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असे सहा कोडपॉइंट (युनिकोडमधली एकेक खूण), पण सीमध्ये यूटीएफ-८ पॉइंटर (त्याच मजकुराच्या यूटीएफ-८ बाइटांचा मेमरीतला पत्ता) घेऊन स्ट्रलेन, म्हणजे सीचं बाइट मोजणारं फंक्शन, केलं की १८, देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट खातो ना. आता १० बाइटच्या बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक जागेत) कोंबलं तर 'नमस' आणि हलन्ताचा एक बाइट लटकत राहतो, आणि परत पायथॉनकडे पाठवताना डीकोड एरर.

म्हणून साइझ परत देणारं फंक्शनच वापरा, 'अ‍ॅज यूटीएफ८ अँड साइझ' वालं, स्ट्रलेनवर विसंबू नका, मधे शून्य बाइट आला तर ते तिथेच थांबतं. आणि कृपा करून तो पॉइंटर फ्री करू नका! तो बफर स्ट्रिंग ऑब्जेक्टचाच असतो, ऑब्जेक्ट जिवंत तोवरच चालतो, मी रेफरन्स (ऑब्जेक्ट जिवंत ठेवणारा धरलेला दुवा) सोडून दिल्यावर तोच पॉइंटर वाचत बसलो होतो आणि दोन दिवस क्रॅश शोधण्यात गेले, कारण कधी बरोबर यायचं कधी कचरा.

त्या फंक्शनकडून नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे काम फसलं) परत आलं का हेही बघाच, एकटा सरोगेट (जोडीनेच अर्थ लागणारा खास कोडपॉइंट) असलेली स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये जात नाही. फाइलच्या नावांत हे खरंच होतं, त्यांना एफएस डीफॉल्ट वालं, म्हणजे फाइल सिस्टिमचं, एन्कोडिंग लावा.

बाकी पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगची आतली साठवण दर कोडपॉइंटला १, २ किंवा ४ बाइटची असते, तिकडे थेट हात घालायची तुम्हाला गरज दिसत नाही.