मुक्ता टिळक: पुण्यात चार वेळा नगरसेविका, मग महापौर, मग कसब्याच्या आमदार. आडनाव की काम?

नारायणपेठी:
जन्म नारायण पेठेतला, सध्या पोटासाठी बंगळूर. परवा फोनवर वडिलांशी वाजलं. ते म्हणाले, मुक्ताताई वर गेल्या त्या प्रभागातल्या कामावर. मी म्हणालो, टिळकांच्या घरातल्या नसत्या तर? वडिलांनी फोनच ठेवला. महापालिकेतलं कळणारं कुणी असेल तर सांगा, महापौराच्या हातात नेमकं असतं काय? आणि गटारं-दिवे बघणारा माणूस विधानसभेत पोचतो कसा?

कोथरूडची सून:
लोकमान्यांच्या पणतूची बायको म्हटल्यावर आडनावाचा उपयोग झाला नसेल कसा? पण मला आठवतो तो २०१७ चा उन्हाळा. शहराचा कचरा जिथं टाकतात त्या फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवलेल्या, आमच्या सोसायटीच्या दारात ढीग, आणि महापौर परदेश दौऱ्यावर. तेव्हा आडनाव कामी आलं नाही, चांगली टीका झाली.

जुना कारकून:
महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरी झाली. मुख्य सभेची कार्यपत्रिका काढायची, इतिवृत्त लिहायचं, पुढची तहकुबी कोणत्या तारखेला हे माननीयांना, म्हणजे नगरसेवकांना, फोनवर सांगत बसायचं. म्हणून दोन शब्द.

महापौराकडे तिजोरीची किल्ली नसते. ती आयुक्तांकडे, आणि कुलूप स्थायी समितीकडे. समितीत नगरसेवकांपैकी सोळा जण, त्यांच्या मंजुरीशिवाय मोठं टेंडर हलत नाही. महापौर सभा चालवतात, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात आणि गावाचं बोलणं खातात. तेही अडीच वर्षं, आणि कुणाची पाळी ते मंत्रालयातली आरक्षणाची सोडत ठरवणार. २०१७ ला पुण्याची चिठ्ठी महिलेसाठी निघाली, १६२ पैकी ९८ जागा भाजपच्या आल्या, आणि मुक्ताताई पक्षाच्या पुण्यातल्या पहिल्या महापौर झाल्या.

नगरसेवकाचं खरं राज्य वेगळीकडे असतं, ‘स’ यादीत. अंदाजपत्रकात आपापल्या प्रभागासाठी जी कामं घालून घेतात ती यादी. बोळाचं काँक्रीट, ड्रेनेजची लाइन, बाकडी, कापडी पिशव्या (पिशवी लहान, त्यावरचं नाव मोठं). फेब्रुवारी-मार्च आला की वर्गीकरणाचे ठराव: या कामाचे पैसे त्या कामाला फिरवा. एकेका सभेला त्यांची चळत यायची. ती लावता लावता कळायचं की कोण माननीय कोणत्या बोळात रोज उभा असतो.

आता तुमच्या वडिलांचा मुद्दा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक. २००७ ला एकेकाचा वॉर्ड. २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. दर वेळी हद्दी नव्या, शेजारचे उमेदवार नवे. या चारही पद्धतींत बाई निवडून आल्या. पहिलं तिकीट आडनावानं दिलं असं हवं तर म्हणा, माझी हरकत नाही. चौथं मिळवायला लोकांचे दाखले, पाण्याच्या तक्रारी आणि वर्गणी मागायला येणारी मंडळं सांभाळावी लागतात.

महापौर म्हणून कारकीर्द मला मधलीच वाटली. समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्क्यांनी काढले, जून २०१७ मध्ये मुंबई शेअर बाजारात नोंदवले, पेपरांत कौतुक झालं. श्रेय म्हणाल तर ते प्रशासनाचं जास्त. पुढच्याच जूनमध्ये उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंच्या हस्ते पालिकेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि भर कार्यक्रमात पावसानं नवं सभागृह गळलं. मी तेव्हा निवृत्त होतो, टीव्हीवर बघितलं. आमचं जुनं सभागृह अंधारं होतं, पण आम्ही तिथं छत्री घेऊन बसलो नाही.

सदाशिव ३०:
कारकूनकाका, शनिवार-सदाशिवमध्ये भाजपचं तिकीट मिळालं की अर्धी निवडणूक झालीच. चार पद्धतींचं एवढं काय?

जुना कारकून:
मान्य, अर्धी. पण तिकिटाच्या रांगेत तिथं दहा जण उभे असतात. आणि रांग मोडून पुढं जायचं तर वरची जागा रिकामी व्हावी लागते. गिरीश बापट स्वतः १९८३ चे नगरसेवक, १९९५ पासून कसब्याचे, म्हणजे या पेठांच्या मतदारसंघाचे, आमदार. ते २०१९ ला लोकसभेत गेले तेव्हा कुठं ही जागा मोकळी झाली. त्यांच्यानंतर ताई. ताईंनंतरच्या पोटनिवडणुकीत एकीकडे भाजपचे हेमंत रासने, दुसरीकडे काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, दोघंही पालिकेतलेच. मार्च २०२३ ला धंगेकर जिंकले, २०२४ ला रासने. कसब्याचा आमदार आमच्याच सभागृहात शिकून बाहेर पडतो.

एक गोष्ट मात्र पक्ष वगैरे बाजूला ठेवून सांगतो. जून २०२२ मध्ये कर्करोग बळावलेला असताना बाई रुग्णवाहिकेतून पुण्याहून मुंबईला दोनदा मतदानाला गेल्या, आधी राज्यसभेला, मग दहा दिवसांनी विधान परिषदेला. त्याच डिसेंबरच्या २२ तारखेला वारल्या. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगतापही आजारपणात तसेच मतदानाला गेले होते, तेही पिंपरी-चिंचवडचे माजी महापौर. त्या अवस्थेत माणसाला न्यावं का, यावर आमच्या कट्ट्यावर आठवडाभर भांडण चाललं होतं. मी ‘नेऊ नये’च्या बाजूचा. पण सभा चुकवायची नाही ही सवय कुठली, ते मला माहीत आहे.

नारायणपेठी:
काका, धन्यवाद. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. चार पद्धतींचा मुद्दा ऐकून भलतेच खूश झाले. आई मागून ओरडली, “२००२ ला यांनी मत दिलंच नव्हतं, वाईला लग्नाला गेलो होतो.” परत फोन ठेवलाय.