कझाकस्तानात तेलाचा पैसा कुठे दिसतो?

प्रश्न: ऑक्टोबरात अल्माटी आणि अस्ताना पाहण्याचा विचार आहे. तेलाच्या पैशावर उभा राहिलेला हा देश प्रत्यक्षात कसा वाटतो, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १: अस्तानात तो पैसा डोळ्यांत भरतो. १९९७ साली राजधानी तिथे हलवल्यानंतर गवताळ माळावर बायतेरेक मनोरा आणि खान शातिर हा तंबूच्या आकाराचा प्रचंड मॉल उभा राहिला. मात्र रस्ते इतके रुंद आहेत, की बोचऱ्या वाऱ्यात पायी फिरणे जिवावर येते. मला अल्माटी अधिक भावले. तिथल्या ग्रीन बाजारात एकीकडे घोड्याच्या मांसाचे 'कझी' हे सॉसेज टांगलेले असते, तर शेजारीच कोरियन वंशाच्या बायका किसलेल्या गाजराची तिखट कोशिंबीर विकतात.

उत्तर २: अल्माटीबाबत सहमत. परंतु तेल निघते ते दूर पश्चिमेला, तेंगिझ, काशागान या भागांत, आणि तिकडच्याच झानाओझेन या तेलनगरीत जानेवारी २०२२ मध्ये वाहनांच्या एलपीजीचे दर वाढल्यावरून निदर्शने सुरू होऊन ती देशभर पसरली. केवळ राजधानी पाहून मत बनवणे म्हणूनच मला पटत नाही.

उत्तर ३: भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शाकाहारी असाल, तर सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.