७-डीअ‍ॅझा डीजीटीपी टाकलं की बँडच गायब, एन्झाइम बदलू का?

पिपेटवाली:
एमएससी प्रोजेक्टला टॅक, पीएफयू, केओडी एक्सएल आणि व्हेंट एक्सो-मायनस असे चार पॉलिमरेज (डीएनएची नवी साखळी जोडणारे एन्झाइम) तपासतेय, कोण मॉडिफाइड बेस घेतो ते बघायला. डीजीटीपी (साखळीत जी बेस बसवायचा कच्चा माल) पूर्ण काढून त्याजागी त्याचाच बदललेला प्रकार ७-डीअ‍ॅझा डीजीटीपी घातलं आणि पीसीआर लावला. साध्या डीएनटीपीला (चारही नेहमीचे बेस) चारही लेन झकास, मॉडिफाइडला टॅकमधे जेमतेम पुसट रेघ आणि बाकी सगळा अंधार. गाईड म्हणतात एन्झाइम घेत नाहीत, नवीन मागवू, पण किमती बघूनच पोटात गोळा आला.

बर्फाचा_डबा:
थांब थांब, जेल ईटीबीआरचं (इथिडियम ब्रोमाइड, डीएनए चमकवून दाखवणारा डाय) आहे ना? ७-डीअ‍ॅझा जी असलं की ईटीबीआरची चमकच मरते, म्हणजे डीएनए तिथे असून दिसत नसेल, आमच्याकडे एकाने याच चक्करमधे आख्खा महिना घालवला. प्रायमरच (साखळीची सुरुवात करणारा छोटा तुकडा) फॅम, म्हणजे स्वतःच चमकणारा डाय, लावलेला घे, मग डाय चमकतो की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि युरिया पेजवर (एकेका बेसचा फरक दाखवणारं जेल) पळव.
आणि पीसीआरने सुरुवातच करू नकोस गं, त्यात एन्झाइमला दोन परीक्षा असतात, एक मॉडिफाइड बेस आत घ्यायचा आणि दुसरी म्हणजे पुढच्या सायकलला तोच टेम्प्लेटमधे (ज्यावरून कॉपी होते ती साखळी) वाचायचा, नापास झाला तर कुठे ते कळत नाही. आधी साधं प्रायमर एक्स्टेन्शन (प्रायमर एकदाच टोकापर्यंत वाढवायचा) कर, एक टेम्प्लेट एकाच सी चं (सी समोरच जी बसतो), एक लागोपाठ तीन-चार सी चं. जी अजिबात न टाकलेली लेन विसरू नकोस.

उकडीचा_मोदक:
वरच्यांशी सहमत. फक्त पुढे डीयूटीपीवाले (टी ऐवजी यू) बेस बघणार असशील तर साधं डीयूटीपी पीएफयूला देऊ नकोस, त्याला टेम्प्लेटमधला यू आधीच ४ बेस अलीकडून कळतो आणि तिथेच गाडी थांबते. ९३ नंबरचा व्हॅलीन बदलून ग्लुटामिन केलेला पीएफयू मिळतो, तो अडत नाही. बाकी पिरिमिडीनच्या (सी, टी, यू) ५ आणि डीअ‍ॅझा प्युरीनच्या ७ जागेवर काही लटकवलं तर ते मेजर ग्रूव्हमधे (डीएनएच्या रुंद खाचेत) बाहेर राहतं, म्हणून केओडी, व्हेंट बऱ्यापैकी खपवून घेतात. प्युरीनच्या (ए, जी) ८ नंबरला हात लावलास की बहुतेक सगळे रुसतात.

पिपेटवाली:
दादा खरंच थँक्स!! फॅम लावून पळवलं, केओडी आणि व्हेंट दोघंही टोकापर्यंत गेलेत, टॅकला मधे पायऱ्या पायऱ्या दिसतायत. गाईड गप्प आहेत 😄 पण एक घोळ झालाय, जी न टाकलेल्या लेनमधेही व्हेंट टोकाला पोचलाय, हे कसं काय?

बर्फाचा_डबा:
हा हा, म्हणून तर ती लेन सांगितली. एक्सो-मायनस आहे ना, चुकीचा बेस बसवला तरी काढणारं कोणी नाही, एन्झाइम जास्त आणि वेळ जास्त असला की तो काहीही बसवून पुढे सरकतो. म्हणजे तुझा व्हेंटचा "पास" अजून धरू नकोस. युनिट्स कमी कर, ३० मिनिटांऐवजी २, ५, १० मिनिटांना थोडं थोडं काढून ईडीटीएमधे (मॅग्नेशियम पकडून एन्झाइम बंद करतं) थांबव, ती लेन पहिल्या सी च्या आधी अडेपर्यंत कमी करत जा आणि मग त्याच कंडिशनला मॉडिफाइड लाव. मॅंगनीज टाकलं असशील तर आधी ते काढ, त्याने एन्झाइम अजून चुका करतो.

पिपेटवाली:
मॅंगनीज टाकलंय 🙈