घोळ वेगाचा नव्हता, अक्षरांचा होता
प्रोग्रॅम सी भाषेत लिहावा की पायथनमध्ये, या प्रश्नावर 'वेग हवा असेल तर सी, नाहीतर पायथन' असं दोघांनी लिहिलंय. ढोबळमानानं बरोबर आहे, पण आमच्याकडं गाडी अडली ती वेगावर नाही. बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी पावतीचा प्रोग्रॅम सीमध्ये लिहिला होता. गावाच्या नावाला २० बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं माप) ठेवले, म्हटलं ऐसपैस झाले. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, उकार हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'खानापूर' म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट! शेवटच्या 'र'चे दोनच बाइट आत गेले आणि पावतीवर 'खानापू'च्या पुढं नुसता चौकोन. कन्नडलाही चिन्हामागं ३ बाइटच, त्यामुळं इथं तरी मराठी-कन्नड दोन्ही भाषांवर सारखाच अन्याय.

घरी येऊन तपासलं. सीचं लांबी मोजणारं फंक्शन स्ट्रलेन बाइट मोजून 'बेळगाव'ची लांबी १८ सांगतं, पायथन ३ चं तसलंच लेन चिन्हं मोजून ६ म्हणतं, आणि आई अक्षरं मोजून म्हणाली, "चार की रे!" पायथनही पूर्ण बरोबर नाही, पण निदान एखादं चिन्ह मधोमध चिरत तरी नाही. मग पावती पायथनमध्ये नेली. काट्यावरून वजन वाचणारा भाग मात्र सीतच राहिला. तिथं आर्डुइनो उनो हा छोटासा कंट्रोलर बोर्ड आहे, रॅम (चालू कामाची मेमरी) सगळी मिळून २ केबी. पायथन त्यात पाऊलही ठेवू शकत नाही.